आजरा : वार्ताहर

आजऱ्यात पेपर येतो तेव्हा त्यातली आजऱ्याची बातमी शिळी झालेली असते. कोल्हापुरातून रात्री निघालेली गठ्ठ्यांची गाडी संभाजी चौकात पोचेपर्यंत उजाडतं, आणि तोवर दूध संस्थेतली सकाळची गर्दी ओसरत आलेली असते. ज्याला जे कळायचं ते तिथं कळलेलं असतं. किटली घेऊन रांगेत उभं राहायचं, दूध मापून होतं, फॅट लागते, पावतीवर आकडा पडतो. तेवढ्यात रात्री कुणाच्या दारात गाडी आली, कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या पोरीचं ठरलं, कुणाच्या उसात गवे शिरले, सगळं वाटून होतं. आणि तरी हीच माणसं घराकडं वळताना पेपर घेतात आणि पहिलं पान न बघता आतलं तालुक्याचं पान उघडतात. दिल्लीचं मागाहून. पहाटे जे ऐकलं ते छापून आलंय का, हे आधी.

शाळेत शिकवता शिकवता मी बरीच वर्षं एका दैनिकाचा आजऱ्याचा वार्ताहर होतो. लोकांना जे माहीत नाही ते सांगणं म्हणजे बातमी, असं पत्रकारितेच्या पुस्तकात असतं. आजऱ्यात ते लागू पडत नाही. इथं लोकांना बातमी कळायला नको असते, नोंदलेली हवी असते. जमीन कुणाची हे साऱ्या शिवाराला ठाऊक असतं, तरी सातबाऱ्यावर नाव चढेपर्यंत माणसाच्या जिवाला स्वस्थता नसते. बातमीचंही तसंच आहे. पोराला बारावीत किती गुण पडले ते गल्लीला दुपारीच कळतं. तरी संध्याकाळी बाप पोराचा पासपोर्ट साइज फोटो खिशात घालून दारात उभा राहतो. “सर, तेवढं घालाय पायजे.” फोटोच्या मागं पेनानं पूर्ण नाव लिहिलेलं असतं, वडिलांच्या नावासकट.

वार्ताहर हा प्राणी कसा जगतो हे बाहेरच्यांना सांगायला हवं. मानधन नावालाच. चार पैसे सुटायचे ते जाहिरातीच्या कमिशनातून, म्हणजे पंधरा ऑगस्ट, दिवाळी, सव्वीस जानेवारी आणि नेत्याचा वाढदिवस. ज्याच्या संस्थेबद्दल सोमवारी दोन ओळी तिखट लिहिल्या, त्याच्याकडं शुक्रवारी वाढदिवसाची जाहिरात मागायला जायचं, आणि त्यानंही ते मनात न ठेवता आधी चहा सांगायचा. तालुक्याची पत्रकारिता या चहावर उभी आहे, असं म्हटलं तर शहरातले लोक नाक मुरडतील. मुरडू देत.

बातमी लिहायची फुलस्केपवर, एकाच बाजूला, समास सोडून. पाकिटावर लाल शाईनं ‘बातमी – तातडीची’ असं लिहायचं आणि दुपारच्या कोल्हापूर गाडीच्या कंडक्टरच्या हवाली करायचं. कोल्हापूरच्या स्टँडवर कचेरीतला माणूस येऊन गावोगावची पाकिटं गोळा करून न्यायचा. कंडक्टरनं पाकीट कधी उघडलं नाही, खरं विचारल्याशिवाय कधी घेतलंही नाही. “काय हाय सर आज?” मग थोडक्यात सांगावं लागायचं. गाडी उत्तूर-निपाणीमार्गे जायची. बातमी छापून आजऱ्यात परत यायला दुसरी सकाळ लागायची. उत्तूरच्या स्टँडवर ती त्याच दुपारी उतरलेली असायची. पुढं फॅक्स आला, मग सायबर कॅफेतला मेल, मग खिशातला मोबाइल. पाकिटं बंद झाली. बातमी लवकर जायला लागली आणि लांबीला वाढली. त्यात सुधारणा झाली असं मला काही दिसलं नाही.

दर वर्षी सहा जानेवारीला पत्रकार दिन होतो. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली याच तारखेला ‘दर्पण’ काढलं. ते मूळचे पोंभुर्ल्याचे, म्हणजे आमच्या आंबोलीचा घाट उतरून पलीकडच्या कोकणातले, त्यामुळं भाषणात कुणी ना कुणी त्यांना आपल्या शेजारचे म्हणून जवळ ओढतोच. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ होतं. गंमत अशी, की त्या दिवसाची सत्काराची बातमी ज्याचा सत्कार झाला त्यालाच लिहावी लागते, आणि सत्कारमूर्तींच्या यादीत स्वतःचं नाव कितव्या जागी घालायचं हा वर्षातला सगळ्यांत नाजूक संपादकीय निर्णय असतो. जांभेकरांपेक्षा आमच्यासारख्यांचे खरे पूर्वज म्हणजे नानासाहेब परुळेकर. त्यांनी १९३२ साली पुण्यात ‘सकाळ’ काढला आणि गावोगावी बातमीदार नेमून खेड्यातलं साधंसुधं वर्तमान शहरातल्या छापखान्यापर्यंत आणलं. विहिरीला पाणी लागलं, पूल खचला, शाळेला मास्तर नाही, हे पेपरात यायच्या योग्यतेचं आहे ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आमच्याकडं ‘पुढारी’, ‘सकाळ’, बेळगावचा ‘तरुण भारत’ यांनी ती पार वाडीवस्तीपर्यंत नेली.

आजऱ्याच्या बातम्या नक्षत्रांवर चालतात. मे महिना सरताना रोहिणी लागली, की धूळवाफेवर भातपेरणीची बातमी. मिरगानं ओढ दिली, की दुबार पेरणीच्या संकटाची. तरणा पाऊस लागला, की साळगावचा बंधारा पाण्याखाली जातो. हिरण्यकेशी आंबोलीच्या डोंगरात उगवते आणि तिकडं पाऊस कोसळला की इकडं आमचे बंधारे बुडतात. साळगाव-पेरणोली वाहतूक बंद होते, लोक लांबून वळसा घालून येतात. ही बातमी मी इतक्यांदा लिहिली, की मागल्या वर्षीचं कात्रण काढून तारीख बदलली असती तरी चाललं असतं. तरी पेरणोलीकडच्या कुणाचा तरी फोन यायचाच. “सर, बंधारा गेला. घातलं का?” बंधारा गेलाय हे ज्याच्या पायाखालच्या वाटेनं त्याला सांगितलंय, तोच माणूस विचारतोय. व्हिक्टोरिया पुलावर माणसं छत्र्या धरून पाणी बघायला उभी राहतात आणि गुडघाभर फरकावरून वाद घालतात. चित्रीचं धरण भरलं, की ती आनंदाची बातमी. रामतीर्थाचा धबधबा सुरू झाला, की ती पर्यटकांची आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकलेल्या बाटल्यांची.

मग गणपती आणि चाकरमानी. दसरा उलटला, की दूध संस्थांच्या फरक बिलाची चर्चा; म्हशीच्या लिटरला किती आणि गाईच्या लिटरला किती, यावर घराघरातली दिवाळी ठरते, त्यामुळं ‘गोकुळ’नं फरक जाहीर केला, की तो आकडा पेपर यायच्या आधीच सगळ्या बायकांना पाठ असतो. गवसे इथल्या साखर कारखान्याचं बॉयलर अग्निप्रदीपन, मोळीपूजन, पहिली उचल. त्याच सुमारास घनसाळ भात निसवलेलं असतं. आजरा घनसाळला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा कधी नव्हे ती पहिल्या पानापर्यंत आजऱ्याची बातमी गेली. त्या दिवशी मला एका शेतकऱ्यानं विचारलं, “म्हंजे आता वास जास्त येणार काय?” त्याच्या बांधावर उभं राहिलं तरी वास येत होता. त्याला मानांकन हवं होतं ते दर वाढावा म्हणून, आणि ते पेपरात लिहिण्याइतकं सोपं नव्हतं: घनसाळला दिवस जास्त लागतात, उतारा कमी पडतो, आणि बाजारात कुठलाही वासाचा तांदूळ ‘आजरा घनसाळ’ म्हणून खपतो. फाल्गुन-चैत्रात वणवे लागतात, काजूच्या बागा होरपळतात. की वर्ष संपलं.

या वर्तुळाबाहेरची एकच बातमी आहे, हत्तीची. २००२ च्या सुमाराला कर्नाटकातल्या जंगलातून हत्ती महाराष्ट्रात उतरले, आणि तेव्हापासून दोडामार्ग, चंदगड, आजरा या पट्ट्यातून त्यांचं येणं-जाणं सुरू आहे. आमच्याकडं मुक्कामाला राहिलेला एकटा सुळेवाला आहे, त्याला सगळे टस्कर म्हणतात. वनखात्याच्या कागदावरचा हा शब्द आता म्हाताऱ्या बायकांच्या तोंडी रुळलाय. मसोली, हाळोली, वेळवट्टी, देवर्डे, किटवडे, कधी या अंगाला, कधी त्या अंगाला. सकाळी एकमेकांना भेटल्यावर तब्येत विचारावी तसं लोक विचारतात, “आज कुठं हाय?” आणि उत्तर असतंच. “रातच्याला मसोलीत हुता म्हणं.” पेपरात मथळा ठरलेला: टस्करचा धुमाकूळ. ऊस, केळी, माड, भात, पाण्याच्या पाइपा, कधी शेतात उभी केलेली ट्रॉली.

मी पंचनाम्यांच्या वेळी अनेकदा गेलो आहे. वनरक्षक टेप लावतो, माड मोजतो, शेतकरी बोट दाखवत पुढं चालतो. ज्याचं वर्षाचं पीक एका रात्रीत भुईसपाट झालंय तो माणूस संतापानं बोलत असतो. हत्ती हलवा, न्हाईतर आमाला हलवा. भरपाई किती मिळते आणि कधी मिळते, हे ऐकलं की त्या संतापावर उत्तर सुचत नाही. एवढं सगळं झाल्यावर हाच माणूस वाफ्यात उमटलेल्या पावलापाशी थांबतो, त्यात साठलेल्या पाण्याकडं बघतो आणि आवाज उतरवून म्हणतो, “पाय बघा की सर केवढा हाय.” त्यात भीती असते, राग असतो, आणि थोडी फुशारकीही असते; आलाय तो माझ्या रानात आलाय. शेजारची माणसं येऊन बघतात, पोरं पावलात पाय घालून फोटो काढतात. एखादी म्हातारी हळदकुंकूही वाहून जाते. गणपतीचं वाहन नव्हे, गणपतीच तो, मग शिव्या तरी कशा द्यायच्या? नुकसानीचा आकडा मी बातमीत घालायचो. हे सगळं घालायला जागा नसायची, आणि खरं सांगायचं तर ज्यांचं नुकसान झालंय त्यांना ते आवडलंही नसतं. भरपाईच्या अर्जाला जोडायच्या कात्रणात हळदकुंकू असून चालत नाही.

बातमी सगळ्यांना आधीच ठाऊक असते असं मी वर म्हटलं. एक बातमी मात्र अशी आहे, जी बाहेरगावच्या काहींना पेपरामुळंच कळायची, आणि तीच तालुक्याच्या पानावर सगळ्यांत छोटी असते. निधनवार्ता.

कोल्हापूर जिल्ह्यात माणूस गेला, की तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. गल्लीला मरण रात्रीच कळतं, खरं पाव्हणे पसरलेले असतात गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड, कागल, पार बेळगावकडच्या गावांत. मोबाइल नव्हते तेव्हा माणसं गाडीवर बसून सांगावा द्यायला जायची. तरी कुणी ना कुणी राहायचंच. त्यांच्यासाठी पेपर. त्यामुळं रात्री साडेनऊलासुद्धा दार वाजायचं. दारात मयताच्या घरचा कुणी नसायचा, शेजारी असायचा. हे मी कायम बघितलं. घरचे लोक त्या अवस्थेत नसतात. शेजाऱ्यानं चहाची किटली पोचवलेली असते, लाकडांचं बघितलेलं असतं, मुंबईला फोन लावलेला असतो, आणि शेवटचं काम म्हणून तो माझ्याकडं आलेला असतो, हातात वहीचा फाडलेला कागद घेऊन. वृद्धापकाळाने निधन झाले. त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, तीन मुली, सुना, जावई, नातवंडे, परतवंडे असा परिवार आहे. रक्षाविसर्जन अमुक वारी सकाळी नऊ वाजता.

साचा ठरलेला आहे, त्यात भावनेला जागा नाही, असं कुणी म्हणेल. त्यानं तो कागद कधी भरून बघावा. पहिला प्रश्न नावाचा. शिधापत्रिकेवर नाव असतं पार्वती. सगळी गल्ली तिला साठ वर्षं गंगूआक्का म्हणत आलेली. पार्वती छापलं तर कोण गेलं तेच कुणाला कळणार नाही आणि रक्षाविसर्जनाला माणूस येणार नाही. गंगूआक्का छापलं तर थोरल्या लेकाला ते कमीपणाचं वाटतं. मग मधे ‘ऊर्फ’ घालायचं. पूर्वी तर बाईचं नाव घालायची रीतच नव्हती. अमुक गुरुजींच्या मातोश्री, तमुक सावकारांच्या पत्नी, एवढ्यावर भागायचं. मी नावासाठी अडून बसायचो. त्यावर एकदा एक शेजारी वैतागून म्हणाला, “सर, म्हातारीचं नाव घिऊन कोण हाक मारत हुतं?” आणि मग स्वतःच बाहेर जाऊन आपल्या आईला विचारून आला. दोघी एकाच पाणवठ्यावर धुणं धुणाऱ्या. तिला मात्र ठाऊक होतं.

दुसरा पेच परिवाराच्या यादीचा. दोन मुले की तीन? तिसरा वाटणीवरून भांडून दहा वर्षं गडहिंग्लजला राहिलेला, बापाचं तोंड न बघितलेला. शेजारी कागदावर तीनच लिहून आणतो. घरातून निरोप येतो, दोन लिहा. शेजारी ऐकत नाही. “ऱ्हाऊ दे तीन. नऊ वाजता आला तर उभा कुठं ऱ्हाईल?” मी अशा वेळी शेजाऱ्याचं ऐकत आलो. पेपरात तीन छापून आलं म्हणून तिसरा आला, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही. काही वेळा आला, काही वेळा नाही.

आणि मुंबई. आजरा, गडहिंग्लज, चंदगड, भुदरगड या तालुक्यांतली दोन-तीन पिढ्यांतली माणसं गिरणगावात राबली. लालबाग-परळला एकेका गावच्या खोल्या होत्या. पाळ्यांप्रमाणं एक उठला की दुसरा त्याच जागेवर झोपायचा, जेवण खानावळीत, गावाकडची बातमी सुट्टीवरून परतणाऱ्याच्या तोंडून. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप मागं घेतल्याचं कुणी रीतसर जाहीर केलंच नाही. आमच्या चौकात पुढं वर्षानुवर्षं बसलेली, ‘नवाकाळ’ मोठ्यानं वाचून दाखवायची सवय लागलेली माणसं ही त्या संपातून माघारी आलेली. त्यांची म्हातारपणं गिरणी कामगारांच्या घरांच्या सोडतीची वाट बघण्यात, त्यासाठीच्या मेळाव्यांना जाण्यात गेली. त्या मेळाव्यांची बातमी आजरा-गडहिंग्लजच्या पानावर अजून येते, आता वारसदारांच्या नावानं. आणि अधूनमधून निधनवार्तेत एक वाक्य येतं, ते मुंबईतील एका गिरणीतील निवृत्त कामगार होते. निवृत्त. नोकरी कधी आणि कशी गेली ते सगळ्यांना ठाऊक आहे. तरी घरच्यांनी सांगितलेला तो शब्द बदलायला हात कधी झाला नाही.

मरणाची बातमी होते, जन्माची होत नाही. १९०७ साली आपल्याच तालुक्यातल्या बहिरेवाडीत एक मूल जन्मलं, ते पुढं कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झालेले जे. पी. नाईक. १९४० साली आजऱ्यात एका शेतकरी घरात आणखी एक जन्मलं, ते ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत. त्या त्या दिवशी गल्लीत पेढे नाहीतर गूळ वाटला गेला असेल, एवढंच. सावंत २००२ साली गोव्यात गेले तेव्हा मात्र सगळ्या महाराष्ट्राच्या पेपरात आजऱ्याचं नाव आलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांच्या ‘छावा’वरचा हिंदी सिनेमा आला, आणि ज्या पोरांनी कादंबरी उघडूनही बघितली नव्हती ती छाती पुढं काढून फिरली. आमच्या श्रीमंत गंगामाई वाचन मंदिरात जाऊन पुस्तक मागितलेल्यांची बातमी कुणी केली नाही. करायला हवी होती. इचलकरंजीकरांच्या जहागिरीच्या काळातल्या नावाचं ते वाचनालय आहे, आणि पेपर फुकट वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांपासून स्पर्धा परीक्षेच्या पोरांपर्यंत सगळ्यांना तिथं जागा असते. आता जन्माचीही बातमी होते म्हणा. पहिल्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो, आणि त्यावर बाळापेक्षा शुभेच्छुकांचे फोटो जास्त असतात.

जे छापलं नाही ते जे छापलं त्याच्या कितीतरी पट होतं. कुणाचं लग्न का मोडलं, कुणाच्या घरी सावकाराचा माणूस येऊन बसला, कुणाच्या पोरीनं काय केलं, बांध कुणी कोरला, सोसायटीच्या निवडणुकीत रात्री कुणाच्या घरी काय पोचलं. यातलं शेवटचं छापायला हवं होतं, ते पुराव्याअभावी राहिलं. बाकीचं राहिलं ते बरं झालं असं माझं ठाम मत आहे. सगळ्या गावाला ठाऊक असणं वेगळं आणि छापून येणं वेगळं. ठाऊक असलेल्या गोष्टीकडं शेजाऱ्याला काणाडोळा करता येतो. ज्याचा बांध कोरला त्याच्याशी चार वर्षं न बोलणारा माणूस, पावसात त्याच्या घराची कौलं उडाली तेव्हा स्वतःची शिडी घेऊन गेला, हे मी बघितलंय. भांडणाची बातमी छापून आली असती, तर ती शिडी दारातून बाहेर पडली नसती.

आता या काणाडोळ्याला जागा राहिलेली नाही. तालुक्याचं पान हातातल्या मोबाइलवर आलंय, आणि प्रत्येक गल्लीचा एक ग्रुप आहे, प्रत्येक ग्रुपवर एक हौशी वार्ताहर. त्याचा उपयोग नाही असं मी म्हणणार नाही. जुलै २०२१ च्या महापुरात कुठला रस्ता बंद, कुठल्या पुलावरून पाणी, हे पुण्या-मुंबईतल्या पोरांना घटकेघटकेला कळत होतं, ते पेपराच्यानं कधी झालं नसतं. हत्ती कुठं आहे हेही आता आधी ग्रुपवर येतं आणि रात्री शेतावर जाणाऱ्याचा जीव वाचतो. खरं निधनवार्तेचं काय झालंय बघा. मोठ्या दवाखान्यात नेलेला माणूस अजून श्वास घेत असतो आणि इकडं फोटोला हार घातलेला असतो, भावपूर्ण श्रद्धांजली. एकानं टाकलं की शंभरजण हात जोडतात. बघणारा एकही नसतो. अशा एका घरी मी बसलो होतो. बाप दवाखान्यात, आणि धाकट्या लेकीच्या मोबाइलवर श्रद्धांजल्या येत होत्या. ती प्रत्येकाला उलट लिहीत होती, अजून आहेत, अजून आहेत. शेजारची काकी शेवटी तिच्या हातातला मोबाइल काढून घेऊन स्वयंपाकघरात ठेवून आली.

त्या वहीच्या फाडलेल्या कागदाचा फायदा हा होता, की तो घेऊन कुणीतरी चालत यायचं. रात्री साडेनऊला, पावसातून, स्वतः बघून आलेलं माणूस. त्याला मी विचारायचो: नाव नीट काय? गाव कुठलं? मुली किती, कुठं दिल्यात? वेळ नक्की नऊच ना? उत्तर ठाऊक नसेल तर तो परत जायचा आणि विचारून यायचा. आता विचारणारा कुणी नाही म्हणून परत जाणाराही नाही.

ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, संकेश्वर-बांदा रस्ता रुंद झाला, गावाबाहेरची जुनी झाडं गेली, टोलच्या विरोधात मोर्चे निघाले; उचंगी, सर्फनाला, आंबेओहळ या धरणांच्या विस्थापितांच्या बैठका मी लिहायला लागलो तेव्हाही होत होत्या. माझ्या जागी आता दुसरं पोरगं आहे. हुशार आहे, व्हिडिओ चांगले करतं, माझ्यापेक्षा धीटही आहे आणि ते बरंच आहे. मला भेटलं की विचारतं, “सर, काय सांगाल?” मी त्याला पत्रकारितेवर काही सांगत नाही. त्याला आणि ग्रुपवर टाकणाऱ्या सगळ्यांनाच एवढं सांगणं आहे: कुणी गेल्याचं कळलं, तर टाकायच्या आधी त्या घराशेजारच्या एका माणसाला विचारा. नाव पूर्ण घाला, वडिलांच्या नाहीतर नवऱ्याच्या नावासकट, आणि हाक मारायचं नाव असेल तर तेही ऊर्फ म्हणून घाला. आजऱ्यात एकाच नावाची माणसं पुष्कळ आहेत. रक्षाविसर्जनाची वेळ दोनदा विचारून घ्या. लांबून येणारी माणसं पहाटेची एसटी धरतात.